डोळ्यांत टाकलेला उजेड

ग्रामीण रुग्णालयात शुगरवाल्यांचे डोळे तपासत होते. माझ्या पुढे आमच्या गल्लीत भाजी विकणाऱ्या शेवंताबाई होत्या. त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या, डोक्यावर पदर घेतला आणि मशीनवर हनुवटी टेकवली. लखकन उजेड पडला. स्क्रीनवर त्यांच्या डोळ्याचा आतला भाग उमटला, केशरी, रक्ताचे ठिपके पडलेला. डॉक्टर तिथं नव्हताच. फोटोवरून आजाराचं निदान मशीननंच केलं.

"मावशी, आजार वाढलाय. जिल्ह्याला जाऊन लेझर करून घ्या," मशीन चालवणारी मुलगी म्हणाली.

"आता कशाला? तुम्ही टाकला की उजेड आत."

"अहो, तो नुसता फोटो होता."

"फोटो असा असतोय व्हय? पाणी आलं डोळ्याला. हलकं वाटतंय आता."

मला चीड आली, पण त्यांची नाही. एवढं हुशार यंत्र आडगावात आणायचं, पेपरात कौतुक छापून आणायचं, आणि ते सांगेल तिथं जायला थेट एसटीसुद्धा नाही. आपण आंधळे होणार हे माणसाला आता आधी कळतं, एवढंच काय ते पुढं सरकलं. कुणी आपल्या डोळ्यांत उजेड टाकला, तर तो बरं करायलाच टाकला असणार, असं शेवंताबाईंनी धरलं. यात त्यांचं काय चुकलं?

चपला घालता घालता त्यांनी विचारलं, "परत कधी टाकणार उजेड?"

"पुढच्या वर्षी," मुलगी म्हणाली, आणि हनुवटीची पट्टी पुसून तिनं मला बोलावलं.