गर्दीचा भाव

"थांब, आधी मला सांग, हा भाव ठरवला कोणी?" असं म्हणून तो हातातला मार्कर कानावर खोचायचा. टोपण लावायला तो नेहमी विसरायचा, त्यामुळे क्वेकर्स हिल या परदेशी उपनगरातल्या आमच्या गल्लीत कानामागे निळी रेघ असलेला माणूस म्हणजे माझा शेजारी, हे पोस्टमनलाही ठाऊक होतं.

मूळचा पुण्याचा, इथे एका विमा कंपनीत आकडेमोड करायचा. आयुष्यात त्याने कधी पैज लावली नाही. पण दर ऑक्टोबरला अमेरिकेत बेसबॉलची बाद फेरी सुरू झाली, की सकाळी त्याच्या गॅरेजचं शटर वर जायचं. ते सामने इथे सकाळीच दिसतात आणि तो घरूनच काम करायचा. आत भिंतीवर पांढरा बोर्ड, त्यावर दोन संघांची नावं आणि पुढे सट्टेवाल्यांनी दिलेले भाव.

"बेसबॉलच कशाला? क्रिकेटने काय घोडं मारलंय?" मी विचारलं.

"क्रिकेटमध्ये माझा जीव अडकतो. जीव अडकला की डोकं चालत नाही. बेसबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही, म्हणून मी निःपक्षपाती."

अज्ञानाला इतकी मानाची खुर्ची दुसऱ्या कोणी दिलेली मी पाहिली नाही.

त्याचा प्रश्न एकच होता: सट्टेवाले लोकप्रिय संघाला झुकतं माप देतात का?

"समज, एक संघ खूप नावाजलेला. त्याच्या टोप्या आपल्या शेजारच्या ब्लॅकटाउनमध्येसुद्धा मिळतात. लोक डोळे मिटून त्याच्यावर लावणार. मग सट्टेवाला त्याचा भाव उतरवतो. जिंकला तरी लावणाऱ्याला थोडंच मिळतं."

"म्हणजे भाव त्या संघाच्या बाजूने?"

"दिसायला बाजूने. त्याच्या चाहत्यांच्या मात्र विरुद्ध."

"मग फायदा कोणाचा?"

"जो गर्दीत नाही त्याचा." मग बोर्डाकडे बघून, जरा हळू आवाजात, "असावा."

कारण बोर्डावर तो नावाजलेला संघ लागोपाठ तीन सामने जिंकलेला असायचा. पुढच्या वर्षी तोच पहिल्या फेरीत गारद. चार ऑक्टोबर झाले, उत्तर काही निघेना. तो रकाने वाढवत गेला, मी चहात आलं. तुम्ही तिथे असता तर तुम्हीही माझ्यासारखीच मान डोलवली असती; समजलं म्हणून नव्हे, चहा निवत होता म्हणून.

मग त्याच्या लेकीचा सिलेक्टिव्ह शाळेचा फॉर्म आला. ही प्रवेश परीक्षेची सरकारी शाळा, आणि आपल्या लोकांच्या गप्पांत हवामानानंतर हाच विषय. फॉर्ममध्ये शाळा पसंतीच्या क्रमाने लिहायच्या. वरून बघत जायचं, जिथे मुलीचे गुण पुरतील ती शाळा मिळाली. त्याखालच्या नावाकडे कोणी बघत नाही.

एक शाळा सगळ्यांनाच हवी होती. लेकीची जिवलग मैत्रीणही तिथेच जाणार होती. याने ती दुसऱ्या क्रमांकावर टाकली आणि पहिल्या क्रमांकावर लिहिली एक लांबची, फारसं नाव नसलेली शाळा.

"अरे, पसंतीक्रम आहे तो, पैज नाही," मी म्हणालो.

"गर्दीचा भाव आहे त्या शाळेला, मित्रा. शिकवतात दोन्हीकडे सारखंच."

निकाल लागला. लांबची शाळा मिळाली. मैत्रिणीला मिळाली ती गर्दीची. क्लासमध्ये मैत्रिणीचे गुण नेहमी हिच्यापेक्षा कमी असत. इथल्या आमच्या मराठी मंडळाने यशस्वी मुलांना शाल, श्रीफळ आणि अध्यक्षांचं वीस मिनिटांचं भाषण दिलं. तो मागे उभा होता. लेकीचं नाव पुकारलं तेव्हा त्याने टाळ्या वाजवल्या, पण सगळ्यांच्या थांबल्यावर.

परतताना गाडीत मी मागच्या सीटवर, लेकीशेजारी होतो. ती खिडकीबाहेर बघत एवढंच म्हणाली, "बाबा, यू नेव्हर आस्क्ड मी."

त्याने इंडिकेटर दिला. वळण अजून बरंच लांब होतं.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये म्हणाला, "बरोबर केलं की चूक, हे कळायला ती दोन्ही शाळांत जायला हवी. म्हणजे कळणारच नाही." मग मार्कर कानावर खोचत, "बेसबॉलच बरा होता रे. तिथे माझं कोणी खेळत नव्हतं."

लेकीला दोन बस बदलाव्या लागत. वर्षभरात त्यांनी त्या शाळेजवळ घर घेतलं. जाताना वहिनींनी मला कढीपत्त्याची कुंडी दिली. त्याने काहीच दिलं नाही, नुसता हात बराच वेळ धरून ठेवला.

त्यांचं आमच्या गल्लीतलं घर विक्रीला लागलं. एका शनिवारी सकाळी ते लोकांना बघायला उघडं होतं, म्हणून मीही डोकावलो. गॅरेजमध्ये बोर्ड तसाच. संघ, भाव, सगळं पुसलेलं होतं. फक्त एक नवा रकाना राहिला होता. वर त्याच्या अक्षरात: 'शाळा बदलायची का? तिचं मत.' खाली लेकीच्या गोल अक्षरात, इंग्रजीत: 'अजून माहीत नाही. ऑक्टोबरमध्ये मला पुन्हा विचार.'

ऑक्टोबरच चालू होता. मी त्याला फोन लावला. वाजत राहिला, उचलला नाही. बाद फेरीच्या सामन्याची वेळ होती. पण त्या सकाळी तो सामना बघत नव्हता, लेकीला विचारत होता, असं मी धरून चाललो.