शिपिंगमधला पुतण्या

वहिनी अमेरिकेहून आमच्याकडे सिंगापुरात क्लेमेंटीला आल्या होत्या. त्यांचा मुलगा अमेरिकन नौदलात आहे. इंजिनिअरांच्या घराण्यातला पोरगा कॉलेज सोडून खलाशी झाला, हे चारचौघांत सांगायची मला लाज वाटायची. म्हणून मी सगळीकडे ‘पुतण्या शिपिंगमध्ये आहे’ असंच सांगत आलो.

रविवारी पुण्याची मित्रमंडळी जेवायला होती. गाझाचा विषय निघाला, आणि त्या युद्धाने अमेरिकेच्या सुरक्षेला धोका आहे का, यावर वाद पेटला. मी तुआसच्या बंदरात नोकरीला, त्यामुळे ठासून म्हणालो, “अमेरिकेचं काय वाकडं होतंय? या युद्धापायी तांबड्या समुद्रात जहाजांवर क्षेपणास्त्रं येतात, म्हणून आमची जहाजं आफ्रिकेला वळसा घालतात. माल उशिरा पोचतो, एवढंच.”

वहिनी श्रीखंड वाढत होत्या. माझ्या वाटीपाशी थांबून हळूच म्हणाल्या, “भावजी, तुमची जहाजं वळतात. माझ्या पोराचं तिथेच उभं आहे.”

मला मान वर करवेना. इतक्यात समोरच्या मित्राने त्यांना कौतुकाने विचारलं, “मुलगाही शिपिंगमध्येच ना? कुठल्या कंपनीत?”

वहिनींनी फक्त माझ्याकडे पाहिलं.

मी एका कंपनीचं नाव सांगितलं.