पांढरी जाताना, तपकिरी येताना

स्वारगेटला एसटीत बसण्याआधी मी दोन गोळ्या घेतल्या. एक घाट लागू नये म्हणून, दुसरी मूल होऊ नये म्हणून. नवरा साजगावच्या कारखान्यात आणि मी पुण्यात, एका क्लासमध्ये दहावीला विज्ञान शिकवणारी. महिन्यातून दोन शनिवार मी त्याच्याकडे जायचे. एका घरात राहायला लागेपर्यंत मूल नको, असं आमचं ठरलेलं. पाकिटात पांढऱ्या आणि तपकिरी गोळ्या होत्या. पांढरी मी जाताना घ्यायचे, तपकिरी येताना. आतला माहितीचा कागद उलगडायचा कंटाळा आला म्हणून फेकून दिला होता. या वेळी पाळी आठ दिवस पुढे गेली होती, तरी मी निघाले होते.

खंडाळ्याचा घाट फार सुंदर आहे म्हणतात. मी तो नेहमीप्रमाणे पिशवीत तोंड खुपसून पाहिला. वळणं भरपूर आहेत, एवढं खात्रीनं सांगते.

खोपोली स्टँडवर उतरले तर नवऱ्याचा फोन, ओव्हरटाइम लागलाय. लिंबू सरबत घेऊन बाकावर बसले. शेजारी पन्नाशीच्या एक बाई होत्या, कर्जतजवळच्या कळंबच्या आशाताई, म्हणजे गावातल्या आरोग्यसेविका. रुमाल काढताना माझ्या पर्समधली दोन्ही पाकिटं त्यांच्या पायाशी पडली.

"गाडी लागली काय गं?"

"गोळी घेऊनसुद्धा! ही घाटाची. आणि ही... तीही प्रवासाचीच म्हणा."

मग मी माझी पांढरी-तपकिरी पद्धत त्यांना समजावून सांगितली, वर्गात सांगते तशीच, ठासून. बाई पदर तोंडाला लावून हसत सुटल्या.

"अगं बाय, ही काय एसटीची गोळी हाय? रोज घ्याची, एकाच येळेला. नवरा घरी असो नायतर नसो. आधी एकवीस पांढऱ्या, मग सात तपकिरी, त्या लोहाच्या. संपल्या की दुसऱ्याच दिवशी नवीन पाकीट. आन् गोळी घेतल्यावर दोन तासांत उलटी झाली तर आणखी एक घ्याची."

म्हणजे जी एक घेत होते, तीही मी घाटाला वाहत होते.

"पाळी कधी आलती?" त्यांचं हसू थांबलं होतं.

मी सांगितलं आणि तिथेच, सरबताचा ग्लास हातात धरून, रडले. त्यांनी पिशवीतून तपासणीची पट्टी काढून दिली.

"सकाळच्या पहिल्या लघवीत बघ. एक रेघ आली आन् तरी पाळी नाय आली, तर आठवड्यानं परत बघ. तवर निरोध वापरा. पाळी आली की पहिल्या दिवशी नवीन पाकीट. पण आधी दवाखान्यात बीपी दाखव."

"मला माहीत असायला हवं होतं, ताई."

"माझ्या वाडीतल्या पोरी मला दहादा इचारतात. तू कुणाला इचारलंस?"

मी कुणालाच विचारलं नव्हतं. विज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी विचारायचं कुणाला!

साजगावच्या खोलीवर नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मला वाटलं, तुला माहीत असेल. तू सायन्सची." त्यालाही कुणाला विचारावंसं वाटलं नव्हतं. सकाळी आम्ही दोघं मोरीच्या दारात पट्टीकडे बघत उभे राहिलो. एकच रेघ. नवऱ्यानं आनंदानं पोहे केले आणि करपवले. मी ते सगळे खाल्ले.

येताना तपकिरी गोळी घेतली नाही. घाट मात्र लागलाच.

बुधवारी पाळी आली. क्लास सुटल्यावर दवाखान्यात बीपी दाखवून घेतलं, डॉक्टरीणबाईंनी चालेल म्हटल्यावर घरी येऊन जेवले आणि नव्या पाकिटातली पहिली पांढरी गोळी पाण्याबरोबर घेतली. हात सवयीनं तिकिटाचे पैसे काढायला पर्सकडे गेला. बॅग कपाटावरच होती. नवरा घाटाखाली होता, मी घाटावर, आणि मला आज कुठेही जायचं नव्हतं.