येतो म्हणून उतरला

हे आजवर कोणाच्या कानावर गेलेलं नाही. बायकोच्या नाही, आईच्या नाही, लोकेशच्या तर नाहीच. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही आमच्या गावचे नाही, अन् दिवाळीनंतर आमच्या गावात मंडईची जत्रा भरते, तिथं तुमचं तोंड मला दिसणार नाही. मात्र मान डोलवू नका. ‘होतं असं कधी कधी’ म्हणू नका. हे झालेलं नाही — मी केलेलं आहे.

लोकेश माझा दोस्त. मोहाडीजवळच्या आमच्या खेड्यात त्याच्या अन् माझ्या घराची भिंत एकच. तो बारावीनंतर मंडप-डेकोरेशनच्या धंद्यात शिरला. मी कॉलेजात गेलो. आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट मी. हे मी जाईन तिथं सांगतो, इथंही सांगतो. पुढं पुण्यात नोकरी लागली, अन् एका वर्षी आम्ही दोघं व्हिएतनामला गेलो. पाठीवर एक-एक सॅक, सॅकेत चिवडा अन् लसणाची चटणी, मुक्काम सगळ्यात स्वस्त हॉस्टेलात. लोक म्हणाले, दोस्ताला फॉरेन दाखवलं याने. खरं काय? एकट्याने जायची माझी हिंमत नव्हती.

तिथं तिसऱ्याच दिवशी मला तो नकोसा झाला. का? तो आपल्याच बोलीत बोलायचा — हॉटेलवालीशी, रिक्षावाल्याशी, सगळ्यांशी. “मावशी, थोडं तिखट टाक न वं.” ती बाई हसायची, अन् टाकायची. मी मोबाइलवर भाषांतर शोधत उभा. मला त्याचा आवाज खुपायचा. त्याचं हसणं खुपायचं. आता हे लिहितानाही खुपतंच — कोणाला वाटत असेल की लेखक विरघळलाय, तर तसं नाही.

मग ती बस. तिकडं दिवसाही झोपायच्या बसगाड्या चालतात. चढताना बूट काढायचे, प्लास्टिकच्या पिशवीत घालायचे, पिशवी आपल्याजवळ ठेवायची. वाटेत गाडी थांबली की दारातल्या टोपलीतल्या गाडीच्या सामाईक चपला पायात सरकवून उतरायचं. आमच्या पलीकडे पुण्याचे दोन पोरं होते. चांगले शिकलेले, चांगल्या घरचे. त्यांना मी सांगितलं, मी नागपूरचा. वडील? ॲग्री बिझनेस.

लोकेश खिडकीला नाक लावून होता. बाहेर चिखलात भाताची रोपं लावत बाया वाकलेल्या. तो ओरडला, “पाय बे, रोवणा चालू हाये!” अन् मग त्या पोरांकडे वळून — “नागपूर कायचं? आमी मोहाडीकडचे. याची माय अन् माही माय एकाच बांधीत रोवणा लावतेत. अजूनबी. हा इंग्लिश बोलते, पण चिखल्यात माह्यापेक्षा फास्ट हाये!”

तो कौतुक करत होता माझं. समजतं मला. तेव्हाही समजत होतं.

त्यातला एक पोरगा म्हणाला, “अरे वा.” बस्स, तेवढंच. वाईट काही बोलला नाही. पण त्या ‘अरे वा’ने माझ्या कानशिलात आग पेटली. नोकरी, इंग्रजी, पुणं — सगळं लोकेशने दोन वाक्यांत चिखलात नेऊन उभं केलं होतं. आईच्या कामाची लाज वाटली का मला? वाटली. लिहून टाकलं.

दुपारी गाडी एका ढाब्यासारख्या जागी थांबली. लोकेश उठला. मोबाइल चार्जिंगला, सॅक उशाशी, पासपोर्ट सॅकेत. टोपलीतल्या चपला घातल्या अन् मला म्हणाला, “येतो बे.” आपल्याकडे ‘जातो’ कोणी म्हणत नाही. मयताला जाणाराही ‘येतो’ म्हणूनच निघतो.

गाडी सुटायच्या वेळी क्लीनर मोजणी करत आला. लोकेशची जागा रिकामी. त्याने बोट दाखवलं, भुवया वर केल्या — माणूस कुठंय? मग त्याची नजर खाली गेली, बुटांची पिशवी शोधायला. पिशवी दिसली तर माणूस बाहेर, नाही तर उतरून गेला, एवढा साधा त्यांचा हिशोब.

ती पिशवी माझ्या पांघरुणाखाली होती. तो जवळ येताना पाहिला, तेव्हाच मी ती ओढून घेतली होती. सॅक पायाने माझ्या बाजूला सरकवली, चार्जिंगचा मोबाइल उशीखाली घेतला. अन् मान हलवली — कोणी नाही.

गाडी सुटली. खिडकीतून दिसला का तो? माहीत नाही, मी पाहिलंच नाही. पुण्याचे पोरं कानात गाणी घालून झोपले होते. अन् मला — हे सगळ्यात घाण आहे — मला बरं वाटलं. शांत वाटलं.

पुढच्या गावात उतरलो, ते पश्चात्तापाने नाही. त्याच्या मायला काय सांगू, याची भीती वाटली म्हणून. एका मोटरसायकलवाल्याच्या मागं बसून परत आलो. लोकेश त्याच ढाब्याबाहेर बुटक्या स्टुलावर बसला होता, पायात त्या गाडीच्या चपला. मला पाहून लहान पोरासारखा रडला. “तू आला बे! मले मालूम होतं, तू येशीनच.”

मी म्हणालो, “झोप लागली होती.” अन् बुटांची पिशवी त्याच्या हातात दिली. “बूटबी आणले याने!” तो ढाब्यावरच्या बाईला सांगत होता. मराठीत.

गावात ही गोष्ट मी नाही, त्यानेच पसरवली. त्याच्या मायने मला पाटावर बसवून ओवाळलं, नारळ दिला. दर मंडईला, पाहुणे जमले की त्याचं सुरू — “परदेशात टाकून नाही देल्लं माह्या भावानं.” मी बाजूला बसून चहा पितो. त्याचा गळा धरावा असं वाटतं. गप बस म्हणावं, एकदा तरी संशय घे म्हणावं. तो घेत नाही.

यंदा त्याच्या बायकोने विचारलं. पोहे देता देता, अगदी सहज. “भाऊजी, क्लीनरनं बूट नाही पायले का वो? हे तं म्हंतेत, बूट पाहूनच मोजते थो.”

लोकेश हसला. “अवं, झोपला होता हा! झोपलेल्या माणसाले काय माहीत?”

ती हसली नाही. माझ्याकडे पाहत राहिली. मी पोह्यावर लिंबू पिळलं.

झोपलो नव्हतो. तो ‘येतो बे’ म्हणाला, तेव्हा मी त्याच्या तोंडाकडे पाहून ‘ये’ म्हणालो होतो.