योगराजच्या नावाचं जेवण

वच्छलाबाईचा योगराज कारगिलच्या लढाईत गेला तेव्हा पंचविशीतला होता. कप्तान. घरात मुली पाहणं चाललं होतं, आणि दारात तिरंग्यातली पेटी आली.

पांझरेकाठच्या त्या गावानं त्याचं नाव मरू दिलं नाही, हे खरं. वेशीत कमान उभारली. ती इतकी बुटकी, की कडब्याचा ट्रक भरून आला की अडतो आणि ड्रायव्हर कप्तानाच्या नावाखालीच शिव्या घालतो. सव्वीस जानेवारीला वच्छलाबाईला पहिल्या रांगेत खुर्ची, नारळ आणि शाल. शाली इतक्या झाल्या, की गावात कुणी बाळंत झालं की आधी तिच्याकडे मागायला माणूस येतो.

अडायचं ते आखाजीला. अक्षय तृतीयेला आमच्याकडे पितरांची घागर भरतात. नवी मातीची घागर, तिच्या तोंडावर डांगर, म्हणजे खरबूज, वर सांजोरीची गोड पुरी. आणि गेलेल्याच्या नावानं एक माणूस पाटावर बसवून आमरस-पुरणपोळी पोटभर जेवू घालतात. तेवढ्या वेळापुरता तोच गेलेला माणूस. तो जेवला, की गेलेला धाला, तृप्त झाला.

पहिल्या आखाजीला वच्छलाबाईनं नवलला बोलावलं. योगराजच्या वर्गातला, दोघं मिळून नदीत डुंबलेले. तर नवलची आई कुंदाबाई दारात आडवी झाली.

"मना एकच आंडोर शे, एकच पोऱ्या, अक्का. तरण्या मेलेल्याच्या पाटवर मी त्याले बसू देवाव नही."

तरण्याच्या पाटावर तरणा बसला की पाट त्याला ओढून नेतो, असं म्हणतात. मिरवणुकीत 'अमर रहे' म्हणून घसे बसवणाऱ्या घरांतूनही कुणी पोरगा धाडला नाही. शेवटी वच्छलाबाईचे म्हातारे दीर झिपरूनाना बसले, आणि मग दरसाल तेच बसत राहिले. रस भुरकायचे, पोळी रसात भिजवून गिळायचे.

"पाहा मना कप्तान," वच्छलाबाई म्हणायची, "तोंडमा एक दात नही!"

"मग बंदूकवाला दुसरा शोध," नाना म्हणायचे आणि वाटी पुढं करायचे.

कुंदाबाईशी मात्र ती पुन्हा बोलली नाही. पाणवठ्यावर नाही, मयतीला नाही.

यंदा थंडीत झिपरूनाना गेले. आखाजी जवळ आली तसं वच्छलाबाईनं घरोघर विचारलं. सरपंचाला साखर, मास्तरला पित्त, एकाला नेमकं त्याच दिवशी धुळ्याला काम. योगराज यंदा उपाशी राहणार. तरी तिनं सणाला पुरण वाटलं, पाट मांडला, रांगोळी घातली.

दुपारी दारात नवल उभा. आता पन्नाशीचा, पिठाची गिरणी चालवणारा, कानांच्या मागंसुद्धा पीठ.

"मावशी, कोणी नही ना? मी बससू."

तिनं त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, ताट वाढलं. नवलनं पोळीचा तुकडा मोडला, आणि तिची नजर दाराबाहेर गेली.

समोर लिंबाच्या झाडाखाली कुंदाबाई उभी होती. ऐंशीची, कमरेत वाकलेली, भर उन्हात अनवाणी धावत आलेली. पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. हाक मारत नव्हती. नवलच्या हातातल्या घासाकडं पाहत होती, सापाकडं पाहावं तशी.

पेटी आली त्या दिवशी वच्छलाबाईनं पदर असाच तोंडात कोंबला होता. घास तोंडाशी जायची वाट तिनं पाहिली नाही. नवलच्या मनगटाला धरलं.

"ऊठ."

"काय झायं, मावशी?"

"ऊठ म्हणतस ना. तिकडे खाटवर बस, पाव्हणा म्हनीसन जेव." मग बाहेर पाहून ओरडली, "आन कुंदाबाई, तू काय पाय भाजी ऱ्हायनी? आत ये. रस वाढाले हात लाव."

कुंदाबाई आली, ती नवलच्या खाटेशी टेकली. रस वच्छलाबाईनंच वाढला. पाटावर कुणी बसलं नाही. योगराजचा घास तिनं चुलीतल्या विस्तवावर घातला. तो करपला, त्याचा वास घरभर झाला. झालं त्याचं जेवण तेवढंच.

नवल खाली मान घालून जेवत होता. साखर त्यालाही होतीच, तरी पोळीला नको म्हणत नव्हता. वच्छलाबाई समोर बसून त्याचे पिकलेले कल्ले, सुटलेलं पोट, नाकावरून घसरणारा चष्मा पाहत राहिली. योगराज तिच्या डोळ्यांपुढं कधी पंचविशीच्या पुढं गेलाच नव्हता.

"चाळिशी कधी लागनी रे तुले?"

"पाचेक वरीस झायात, मावशी."

"आन गुडघा दुखतस का?"

"जिना चढताना."

"दुखाचाच," ती म्हणाली, आणि त्याला आणखी एक पोळी वाढली.