मागच्या सीटवरचे म्हादूआबा

विमान उतरलं की म्हादूआबा आधी इंजिनावर तळहात ठेवत, थोडा वेळ तसेच उभे राहत आणि मगच वैमानिकाकडे बघत. काही बिघडलं असेल तर ते बघणंच पुरे व्हायचं. नवलाख उंबरे गावचा हा भातशेतीवाला माणूस लढाईच्या दिवसांत लष्कराच्या कारखान्यात इंजिनं खोलायला शिकला आणि लढाई संपल्यावर वराळ्याच्या माळावरच्या आमच्या कच्च्या धावपट्टीवर मेकॅनिक म्हणून आला. डोक्याला मुंडासं, कमरेला पाना.

मी तुंगार्लीच्या डॉक्टरांचा चिरंजीव. एका इंजिनाचं विमान उडवायचा खासगी परवाना खिशात, आणि डोकं आभाळात. त्या परवान्यावर दोन इंजिनांच्या विमानाची नोंद झाली तरच पुढे वैमानिकाची नोकरी मिळण्याची आशा होती. नाहीतर वडिलांच्या दवाखान्यात जन्मभर पुड्या बांधायच्या!

या परीक्षेत हवेत मुद्दाम एक इंजिन बंद करतात. विमान त्या बाजूला वळू लागतं. मेलेलं इंजिन कोणतं ते ओळखून त्याचाच दांडा मागे ओढून ते पुरतं बंद करायचं आणि चालत्या इंजिनावर घरी यायचं. सरावात आमच्या शिक्षकांनी, कॅप्टनसाहेबांनी, उजवं बंद केलं. मी घाबरून धाडकन डावं ओढलं. दोन्ही इंजिनं गप्प! साहेबांनी कसंबसं विमान वाचवलं आणि उतरल्यावर एवढंच म्हणाले, "उद्यापासून येऊ नका."

पुढे पावसाळाभर उड्डाणं बंदच होती. आषाढात आबांचा निरोप आला, "बाळासाहेब, खाचरात या. चिखलणी हाय." गेलो. भातलावणीआधी चिखल करायचं औत त्यांनी माझ्या हाती दिलं आणि पुढून जोडीतला एक बैल मुद्दाम धरून ठेवला. औत गर्रकन वळलं. मी गडबडीत चालत्या बैलाचाच कासरा ओढला, वर चाबूकही हाणला.

"आरं ए! चालता बैल मारायचा न्हाई!" आबा कडाडले. "त्योच येकला तुला घरी न्हेनार हाय. आदी बग कोन थांबलाय. हात ठेव. दम धर. मग वढ!"

चिखलात ते मला अरे-तुरे करत. बांधावर आलो की पुन्हा, "बाळासाहेब, च्या घ्या." दोन आठवडे माझं हेच चाललं होतं. अंगाचा नुसता चिखल झाला.

दसऱ्यानंतर आबा मला घेऊन साहेबांपुढे उभे राहिले. "सायेब, येक डाव परीक्षा घ्या. मी मागं बसतो."

"आबा, तुम्ही तर कधी विमानात बसला नाहीत."

"मग आता बसतो की. पोरगं चुकलं तर मी बी हायेच संगं."

साहेब विमानाकडे निघाले.

इंद्रायणीवर असताना साहेबांनी डावं बंद केलं. नाक डावीकडे वळलं. विमान सरळ धरायला उजवा पाय दाबावा लागला, डावा मोकळाच राहिला. म्हणजे डावं मेलं. हात डाव्या दांड्यावर ठेवला, दम धरला, मग ओढला. उजव्याने आम्हाला सुखरूप माळावर आणलं.

आबा उतरले, पंखाखाली भडभडून ओकले आणि तोंड पुसत हसले. "झ्याक उडवलंत! माजा भरवसा व्हता तुमच्यावर."

पुढे नोकरी लागली, आणि आबांचा हा भरवसा मी जाईन तिथे मिरवला. आबा गेल्याचं कळलं तेव्हा त्यांच्या गावी, उंबऱ्याला गेलो. त्यांच्या कारभारणीलाही, म्हणजे मावशींना, तेच ऐटीत सांगितलं.

मावशींनी पदर डोळ्यांना लावला. "भरवसा? आवो, त्या दिशी सकाळी ह्यांनी कानातली बाळी काडून माज्या हातात दिली. कुटलं खाचर कोन्या ल्योकाला, समदं सांगून गेले. मी म्हनलं, येवडं भ्या वाटतंय तर जाऊ नगा. तर म्हनले, 'त्या पोरावर कुनाचा तरी भरवसा हाय, आसं त्याला वाटाया पायजे.'"

मी मावशींसमोर ढसाढसा रडलो.