विलायतेला जाण्याआधी उकरलेला पार

"उतर खाली!" शेठजी ओरडले. "तू वर चढून फांद्या पाडून राहिला, अन् झाड तर वाळतच चाललं ना!"

मी निंबाच्या मधल्या फांदीवर होतो. कमरेला दोर, हातात करवत. खाली अकोल्यातल्या एका जिनिंगचं आवार. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याचा कारखाना. सगळीकडे कापसाने भरलेल्या बैलबंड्या उभ्या होत्या आणि निंबाभोवतीच्या पारावर कारखान्याचे मालक, म्हणजे हे शेठजी, कमरेवर हात ठेवून उभे होते. त्यांना निंब तोडायचा होता. मला तो वाचवायचा होता. त्यात झाडाच्या मायेपेक्षा माझा स्वार्थच जास्त होता, तो आधी सांगून टाकतो.

ही साठ सालानंतरची गोष्ट. मी अमरावतीला तारखात्यात लाइनमन होतो. तारांना लागणाऱ्या फांद्या छाटणं आमच्याकडे असे. छाटायचं म्हणजे कुऱ्हाडीने हाणायचं आणि पुढच्या झाडाकडे जायचं. दुसऱ्या वर्षी त्या मार्गावर गेलं की हाणलेल्या जागी झाड कुजलेलं दिसे. मला ते बघवत नसे. एकदा ऑफिसच्या रद्दीत विलायतेचं एक मासिक सापडलं. त्यात दोराला लटकून फांदी कापणाऱ्या माणसाचा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, ट्री सर्जन. आता त्याला आर्बोरिस्ट म्हणतात. जंगलातली झाडं वनखात्याची, बागेतली माळ्याची, आणि माणसांच्या वस्तीत उभी असलेली मोठी झाडं आर्बोरिस्टची, असा साधा हिशेब. मला वाटलं, हे काम तर मी रोज करतो, फक्त चुकीचं करतो.

मग पोस्टाने अभ्यासक्रम केला. इंग्रजीची डिक्शनरी फाटेस्तोवर वापरली. लेखी परीक्षा पास झालो. तिकडच्या एका गावाच्या पार्क खात्याने नोकरी द्यायची तयारीही दाखवली. अट एकच होती. एखादं आजारी झाड इथे बरं करून दाखवायचं आणि त्यांना मान्य असलेल्या परीक्षकाची सही आणायची. हे परीक्षक म्हणजे अमरावतीच्या कॅम्पात राहणारे, वनखात्यातून रिटायर झालेले एक साहेब. त्यांनीच शेठजींना चैत्रापर्यंत थांबायला लावून हा निंब नेमून दिला.

"मी चैत्रात येईन. पालवी बघेन, मग सही करेन," ते म्हणाले.

"आणि पालवी नाही आली तर, सर?"

"तर सही नाही."

मी मात्र एवढा उतावळा, की लेखीचा निकाल येताच तारखात्याचा राजीनामा देऊन बसलो होतो. आता चैत्रात सही मिळाली नसती तर विलायतही गेली असती आणि सरकारी नोकरीही.

अभ्यासक्रमात शिकवलं होतं ते सगळं मी केलं. किडीची भोकं शोधली, सापडली नाहीत. डेडवुड काढलं, म्हणजे वाळलेल्या फांद्या जिथून फुटल्या तिथून नीट कापल्या. बोर्डो पेस्ट लावली. मोरचूद आणि चुन्याचा हा लेप अमरावतीकडे संत्र्याच्या बुंध्यांना लावलेला सगळ्यांनी पाहिलेला असतो. एवढं करूनही शेंडा वाळतच होता. रोज दुपारी मी त्या पारावर बसून भाकर खायचो, वर बघायचो आणि झाडाला झालंय तरी काय, याचा विचार करायचो.

त्यात एक दिवस बाबा आले. बार्शीटाकळीजवळच्या आमच्या खेड्यातून ते मला परत नोकरीवर बसवायला आले होते. त्यांचा राग सांगितल्याशिवाय कळणार नाही. गावाची लाकडं फोडणं पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घराकडे होतं. कोणाचं लग्न असो की मयत, बोलावणं आलं की माझ्या बापाने कुऱ्हाड घेऊन जायचं. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो आणि त्यांनी ते काम सोडलं ते सोडलंच. गावाने बरेच दिवस तोंड वाकडं केलं, पण ते बधले नाहीत.

"कुऱ्हाड सुटावी म्हणून तुले शिकवलं, सुखदेवा," ते पारावर बसत म्हणाले. "अन् तू कुऱ्हाड घेऊनच विलायतले चालला काय रे?"

"बाबा, तिथं कुऱ्हाड नसते. करवत असते."

"मंग लय फरक पडला!" ते म्हणाले. "तारखात्याच्या साहेबाच्या हातापाया पड. नोकरी परत माग."

त्यांच्या तोंडाकडे बघायचं टाळायचं म्हणून मी निंबाच्या बुंध्याकडे बघत बसलो. बघता बघता एकदम चमकलो. बुंधा मातीत सरळ शिरत होता, अगदी तारेच्या खांबासारखा.

खांब मी ढिगाने पुरले आहेत. पुरलेली वस्तू जमिनीत सरळ शिरते. झाड तसं नसतं. जमिनीला टेकताना त्याचं खोड परकराच्या घेरासारखं पसरतं आणि तिथून मुळं सुरू होतात. त्या घेराला रूट फ्लेअर म्हणतात. या निंबाला घेरच नव्हता. म्हणजे हा निंब पुरलेला होता! आणि ज्याच्यात पुरलेला होता, त्याच्यावर बसून मी इतके दिवस भाकर खात होतो.

हे मला आधी का दिसलं नाही, याचं कारण सोपं आहे. आपल्याकडे पार हा झाडाचा मान. झाड मोठं झालं की त्याला पार बांधायचा, हे लहानपणापासून डोळ्यांत बसलेलं. तो झाडाचा आजार असू शकतो, हे माझ्या पुस्तकात नव्हतं, कारण पुस्तक लिहिणाऱ्याने पार पाहिलेला नव्हता. मुळांना हवा लागते. वर कंबरभर काळी माती चेपून त्यावर सिमेंट ओतलं की ती गुदमरतात. निंब चिवट, म्हणून एवढा तरी टिकला होता.

मी शेठजींच्या गादीवर गेलो.

"शेठजी, पार कधी बांधला?"

"वडील गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी. त्यांच्याच नावाचा हाय तो. पाटी पाहिली नाही काय?"

"पाहिली. शेठजी, तो पार उकरा लागते."

शेठजींचा पान खाणारा जबडा थांबला. "माह्या बापाच्या नावाचा पार? तुले उन्ह लागलं काय?"

"एकच कोपरा उकरू द्या. माह्यं चुकलं तर मी माह्या हातानं परत सिमेंट करून देतो."

ते स्वतः पारापाशी येऊन उभे राहिले, बहुतेक माझी फजिती बघायला. मी बुंध्याजवळचं सिमेंट फोडलं, खुरपीने माती सारली. हातभर खाली जाताच आंबूस, कुबट वास आला. बुंध्याची साल बोटाने नुसती दाबली तर ओल्या पुठ्ठ्यासारखी सुटून हातात आली. मी ती शेठजींच्या हातावर ठेवली. त्यांनी नाकाशी नेली आणि लगेच फेकली.

"हे मीच केलं?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुमी मान केला शेठजी. सगळेच करतात."

त्यांची नजर पाटीकडे गेली. मग मी त्यांना सांगितलं की बाहेरची भिंत आणि पाटी तशीच राहील, फक्त आतली माती काढून टाकायची. लोक भिंतीवर बसतील, निंब मधे मोकळा उभा राहील. शेठजींचा चेहरा सैल झाला. "पाटीले धक्का नाही लागला पाह्यजे," एवढं म्हणून ते गादीवर परत गेले.

मुळांजवळ फावडं चालत नाही, म्हणून खुरपीने आणि हातानेच माती काढावी लागली. बाबा गावी परत जाणार होते, ते थांबले. आधी नुसते बघत होते. मग धोतर खोचून घमेली उचलायला लागले. आमच्या गावच्या पारावर आम्हाला बसता येत नव्हतं, हे मी विसरलो होतो. ते विसरले नव्हते.

"जिंदगीत पयल्यांदा पारावर आरामात बसलो," घमेलं माझ्या हातात देत ते म्हणाले, "अन् पोट्टा तोच फोडून राहिला."

बंडीवाले हसले. बाबाही हसले. मलाही हसू आलं.

नंतरचे दिवस वाईट गेले. निंबाने पानं गाळली. ती सगळेच निंब गाळतात. मग चैत्र आला. रस्त्यावरचे सगळे निंब पोपटी झाले, आमचा मात्र खराट्यासारखा उभा. शेठजी येता-जाता आधी निंबाकडे बघायचे आणि मग माझ्याकडे. साहेबांचा निरोप आला की ते येत आहेत.

ते यायच्या आदल्या सकाळी बाबांनी मला हाक मारली. ते बुंध्याशी उकिडवे बसले होते. "हे काय हाय पाह्य बरं."

जाड खोडातूनच लालसर कोंब फुटले होते. वर बघितलं, तर मधल्या फांद्यांच्या टोकांनाही तीच लाली. मी भिंतीवर बसलो आणि सरळ रडलो. इतकं हलकं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

साहेबांनी झाडाला चक्कर मारली, घेर पाहिला, कोंब पाहिले. "शेंडा गेला, पण झाड राहिलं," म्हणाले आणि पाराच्या भिंतीवरच कागद ठेवून सही केली. बाबा हात जोडून पुढे झाले.

"साहेब, एक इचारू? तिकडं याले लाकडं फोडा लागतीन काय?"

"छे हो! हा तिथे झाडं तपासणार. कुठलं झाड तोडायचं नाही, हे सांगणं याचं काम."

बाबांनी मोठा श्वास सोडला आणि तेव्हाच माझ्या पाठीवर हात ठेवला.

मी बोटीने विलायतेला पोचलो तेव्हा तिकडे थंडी सुरू झाली होती. पार्क खात्याच्या फोरमनने माझं सर्टिफिकेट वाचलं, छान आहे म्हणाला आणि मला शेडमागे नेलं. तिथे वादळात पडलेल्या झाडांचा ढीग होता. तो फोडून संपेपर्यंत हिवाळा गेला. परीक्षक विद्या तपासू शकतो, पुढची नोकरी नाही, एवढं मी तिथे शिकलो.

घरी पत्रात लिहिलं, बाबा, काम चांगलं आहे, रोज लाकडाची तपासणी करतो. ते काही खोटं नव्हतं. कुऱ्हाड मारण्याआधी प्रत्येक ओंडका मी नीट बघून घेत होतो.